ताज्या दुधाचा गुन्हा

हिंगणीच्या दूध केंद्रात कॉम्प्युटर यावा म्हणून पत्रक मीच लिहिलं होतं. ‘माणूस तोंड पाहून माप करतो, कॉम्प्युटर करत नाही.’ वाक्यावर टाळ्या पडल्या होत्या.

कॉम्प्युटर आला. दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, तो किती बुडला तो आकडा भरायचा, पाणी घातलंय की नाही ते प्रोग्राम सांगणार. पाणी निघालं की नाव दारावरच्या फळ्यावर. सारखं निघालं की सभासदत्व रद्द. त्या उन्हाळ्यात एक नाव फळ्यावरून हटेचना. केंद्रामागच्या गल्लीतल्या, एका म्हशीवाल्या काकूंचं. लोक म्हणायचे, काकूची म्हैस धरणातच उभी राहून दूध देते. मी हसले होते, हे लपवत नाही.

शेवटी काकूंनी मला गोठ्यात नेलं आणि माझ्यासमोर धार काढली. अर्धं दूध मी तसंच केंद्रात नेलं. पाणी! उरलेल्या दुधाची चरवी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, तासाभराने नेली. शुद्ध!

काकू एवढंच म्हणाल्या, “दूध तेच हाय न. गरम आणलं तं खोटं, थंडं केलं तं खरं?”

तेच होतं. गरम दूध पातळ, त्यात लॅक्टोमीटर जास्त बुडतो. म्हणून दुधाचं तापमानही भरावं लागतं. प्रोग्राममध्ये त्या जागी सत्तावीस अंश आधीच लिहिलेलं, आणि केंद्राचे सचिव रोज एंटर दाबून पुढे जायचे. लांबून येणाऱ्यांचं दूध पहाटेच्या गारव्यात वाटेतच निवायचं. काकू सगळ्यांत जवळच्या, त्यांचं दूध सगळ्यांत ताजं, म्हणून चोर त्याच.

सचिवांनी भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं. प्रोग्राम तपासलेला होता म्हणे. होताच. कुठल्यातरी गार खोलीत, बरोबर सत्तावीस अंशांच्या दुधावर! धारोष्ण दूध त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. आणि मी? मी तर तेवढंही तपासलं नव्हतं.

खिळ्याला थर्मामीटर टांगला गेला. काकूंचं नाव पुसलं गेलं. चूक आमची, असं त्याच फळ्यावर लिहा, म्हणून मी अडून बसले. सचिव म्हणाले, “तो फळा पाणीवाल्यायसाठी हाय, बाई.”

मग ‘चूक आमची’ असं सांगणारं दुसरं पत्रक मी काढलं, त्याची पहिली प्रत काकूंना नेऊन दिली. त्यांनी केंद्र सोडलं होतं. दूध चहाच्या टपरीवर जात होतं. पत्रक त्यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवलं.

“कॉम्प्युटरचं पत्रकबी तुयंच होतं न, पोरी?”