देवमन मिस्त्रीनं पास केलेली जीप

देवमन मिस्त्री जुनी गाडी बघायला निघाला की पहिला त्रास विकणाऱ्याला व्हायचा आणि दुसरा मला. विकणाऱ्याला का, ते उघड आहे. मला यासाठी, की माझं सायकलचं दुकान मालेगावच्या स्टँडवर त्याच्या शेडला लागून होतं आणि त्याला एकट्यानं कुठं जाणं जमत नसे. "इंद्रभान, चाल. तुह्या दुकानात कोन राजा येऊन राह्यला," म्हणत तो मला हात धरून उठवायचा. त्या स्टँडवर बौद्ध वस्तीतले दुकानदार म्हणजे आम्ही दोघंच. रुसून मी जाणार तरी कुठं?

मी सांगतो ती गोष्ट आणीबाणी उठली त्या वर्षाची. आमचं हे मालेगाव, नाशिककडचं नव्हे, तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. पेट्रोल इतकं महाग झालं होतं की ज्यांच्याकडे जुन्या जीपा होत्या ते पेट्रोलचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवून घेत, आणि मग चार-दोन वर्षं ओढून झाली की गाडी विकायला काढत. घेणारा रंग बघायचा, गाद्या दाबून बघायचा, भोंगा वाजवायचा आणि खूश व्हायचा. देवमन गाडीजवळ गेला की काही न बोलता आधी बोनेटवर तळहात ठेवायचा. बोनेट थंड असलं तर पुढचं काम. गरम लागलं तर "उद्या पाहाटी येतो, तवपर्यंत गाडीले हात लावू नका," एवढं सांगून सरळ माघारी.

त्याचं कारण त्यानं मला एकदा सायकलच्या पंपावर समजावलं होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा दाबून दाबून तापते आणि त्या तापानं डिझेल पेटतं. पंपासारखाच आत दट्ट्या असतो, त्याच्या भोवतीचे लायनर आणि त्याच्यावरच्या रिंगा घासल्या की दाब निसटतो. इंजिन गरम असेपर्यंत हे दुखणं लपतं, थंडीच्या सकाळी लपत नाही. "मानूस सकाळी उठल्यावर कसा खोकलते, त्यावरून त्याची छाती समजते," असं तो म्हणायचा. बाकीच्या तपासण्या मग सावकाश. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघायचा. डिझेलचं इंजिन वजनाला भारी, म्हणून पुढचे स्प्रिंगचे पाटे बसलेत का, चेसिसला चीर गेली आहे का ते खाली झोपून बघायचा. ताजा रंग दिसला की तिथंच पत्रा ठोकून बघायचा. "वरून कीर्तन आतून तमाशा" ही म्हण त्यानं आयुष्यात फक्त जीपांबद्दलच वापरली.

त्याचा दुसरा नियम चहाचा. गाडी बघून होईपर्यंत विकणाऱ्याच्या दारी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. चहा प्यालो की खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, मग जीभ जड होते, असं तो सांगे. मला तो धंद्याचा नियम वाटायचा. पुढं कळलं की त्या नियमानं त्याचं आणखी एक काम होत होतं. आमच्या लोकांसाठी गावोगाव कानतुटका कप वळचणीला खोचून ठेवलेला असे. तो आपणच काढायचा, आपणच धुवायचा आणि परत तिथंच खोचायचा. छप्पन सालानंतर देव बदलले, नमस्कार बदलला, पण वळचणीचा कप बऱ्याच घरी तसाच राहिला. जो चहाच घेत नाही त्याला कुणी तो कप दाखवू शकत नाही.

किन्हीराजाजवळच्या तांड्यावरचा सेवालाल हा देवमनचा जुना दोस्त. दोघं तरुणपणी अकोल्याच्या एका गॅरेजात सोबत हमाली करत. देवमन तिथं मिस्त्री झाला आणि सेवालाल ड्रायव्हर. पण ड्रायव्हरकी बारमाही नव्हती. दिवाळी झाली की तांड्यावर मुकादमाचा ट्रक यायचा आणि सेवालाल व त्याची बायको चंदाबाई ऊसतोडीला जायची. त्या वर्षी चंदाबाईनं थोरल्या पोरीला शाळेत घातलं होतं, आणि तिनं नवऱ्याला बजावून ठेवलं होतं की यंदा ट्रकात चढायचं नाही. पोरगी सोबत आली की फडावर धाकट्याला सांभाळत बसते आणि शाळा तिथंच संपते. म्हणून सेवालालनं बैलजोडी विकली. जुनी डिझेल जीप घ्यायची, किन्हीराजा ते मालेगाव आणि मालेगाव ते शिरपूर अशा सवाऱ्या भरायच्या. शिरपूरला जैनांच्या मंदिरात यात्रेकरू येतात, एसटी तासन्‌तास येत नाही. हिशोब काही चुकीचा नव्हता.

दसऱ्याच्या आधी आम्ही तिघं मारोतराव नावाच्या बड्या शेतकऱ्याकडे जीप बघायला गेलो. गावाचं नाव सांगत नाही, तिथं अजून माझं येणं-जाणं आहे. जीप वाड्यासमोर उभी होती, हिरवा रंग नवाकोरा. देवमन तिच्याकडे वळला तोच मारोतराव ओट्यावरून खाली आले आणि त्याचा हात धरून म्हणाले, "मिस्त्री, गाडी कुठं पयून राह्यली का? आंधी घरात चाला."

घरात. ओट्यावर नाही, अंगणात नाही. आम्हाला बैठकीत नेलं, गादीवर बसवलं. मारोतरावांची बायको गोमतीबाई स्वतः ट्रे घेऊन आली. फुलं काढलेल्या कपबश्या, चौघांनाही एकसारख्या. तिनं पहिला कप देवमनच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या भाऊ, साखर कमी असंन तर सांगजा."

मला राग आला. खोटं कशाला सांगू? कप दिला म्हणजे काय आमच्यावर उपकार केले, असं माझ्या डोक्यात आलं आणि मी तो चहा काढ्यासारखा गिळून टाकला. देवमननं मात्र दोन्ही हातांनी कप धरला. तो बशीत ओतून फुर्र करणारा माणूस, पण त्या दिवशी कपानंच हळूहळू प्याला. त्याचा नियम मोडला हे मला दिसत होतं, आणि का मोडला तेही दिसत होतं. बाहेर इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मारोतराव म्हणाले, "डायवर गाडी सावलीले लावून राह्यला."

आम्ही बाहेर आलो तेव्हा जीप सावलीत होती. देवमननं बोनेटवर हात ठेवला, क्षणभर ठेवला आणि काढला. माझं लक्ष टायरांकडे होतं, गरम की थंड ते मी विचारलं नाही. मग तो कामाला लागला आणि चांगला तासभर लागला. पुढच्या पाट्यांत एक पान तुटलेलं काढलं. चढावर दुसरा गिअर निसटतो हे चालवून दाखवलं. रेडिएटरचं पाणी स्वच्छ निघालं. चालू इंजिनाचं तेलाचं झाकण उघडलं, तर निसटत्या दाबाचा भपकारा आला. देवमन झाकण परत लावत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "गरम इंजिन थोडी वाफ टाकतेच." मारोतराव हसून मान हलवत होते. शेवटी सेवालालनं विचारलं, "काय म्हनतो मंग?"

"घ्याले हरकत नाही," देवमन म्हणाला.

दसरा ते दिवाळी गाडी बरी चालली. सकाळी जरा कुरकुरायची, उतारावर ढकलली की लागायची. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक आला, तेव्हा सेवालाल जीपला टेकून उभा होता आणि त्यानं ट्रककडे पाहिलंही नाही, असं तांड्यावर सांगतात. पण मार्गशीर्षात थंडी पडली आणि जीपनं छाती दाखवली. सगळा तांडा ढकलायला यायचा. पांढऱ्या धुराचा लोट निघायचा, माणसं खोकायची, गाडी हलायची नाही. सवाऱ्या सकाळीच असतात, त्या बैलगाडीनं नाहीतर पायी निघून जायच्या. मग एक दिवस इंजिन गरम असतानाही लागेना. सेवालालनं तिला बैल जुंपून ती देवमनच्या शेडपर्यंत आणली. बैल अर्थातच दुसऱ्याचे.

देवमननं इंजिन खोललं. लायनरच्या वरच्या बाजूला इतकी धार पडली होती की नख अडकत होतं. सामान अकोल्याहून यायचं, ते कधी येईल याचा भरवसा नव्हता. उशिरा निघालेली एक टोळी होती, सेवालाल तिच्यासोबत गेला. चंदाबाई गेली आणि पोरगीही गेली. ट्रक स्टँडवरूनच पुढं गेला. सेवालालनं वरून हात केला. देवमन शेडच्या आत होता, बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी तो मारोतरावांकडे भांडायला निघाला. मी आनंदानं सोबत गेलो, मला ते भांडण केव्हाचं हवं होतं. मारोतराव घरी नव्हते. गोमतीबाईनं पुन्हा घरात बोलावलं, पुन्हा त्याच कपबश्या काढल्या. देवमननं कपाला हात लावला नाही. म्हणाला, "बाई, एक इचारतो. थो त्या दिवशीचा च्या कायले पाजला होता?"

तिला प्रश्न कळला नसावा. "कायले म्हंजे? घरी आले त्याले च्या देत नाही का? हे म्हने अंगनात द्या, पन मले बरं नाही वाटलं. तुमी याच्या आंधीच मी म्हटलं, आत बसवा." मग म्हणाली, "गाडीचं काही झालं का भाऊ?"

देवमननं कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. "नाही बाई, काही नाही झालं," म्हणाला आणि उठला. परतीच्या वाटेवर मी त्याला वाट्टेल ते बोललो. भांडायला गेला आणि पाहुणचार घेऊन आला, असं बोललो. मला आज वाटतं, तो चहा नुसतं आमिष निघाला असता तर त्याचं काम सोपं झालं असतं. सगळा दोष मारोतरावांच्या गळ्यात बांधून तो मोकळा झाला असता. पण चहा खरा होता, आणि गाडी पास केली ती त्यानंच.

पुढचे महिने देवमन दुसऱ्यांची कामं दिवसा करायचा आणि उरलेल्या वेळात ती जीप. लायनर नवे, रिंगा नव्या, गिअरही त्यानं बसवला. त्याची बायको गंगू विचारायची की हे कुणाच्या पैशानं चाललंय, तर तो म्हणायचा, माझ्या जिभेच्या. चैत्र संपता संपता टोळ्या परतल्या. एका सकाळी सेवालाल आणि चंदाबाई शेडवर आली. चंदाबाईचे हात उसाच्या पानांनी चिरून काळे पडले होते. देवमननं जीपची किल्ली सेवालालच्या हातावर ठेवली आणि ती सोडायच्या आधी म्हणाला,

"सेवा, तुले एक सांगाचं होतं. त्या दिवशी बोनेट गरम होतं. मले समजलं होतं. माघारी फिराले पाह्यजे होतं, पन त्याईच्या घरात बसून च्या पेलो अन् मंग त्याईच्याच दारात त्याईले लबाड म्हनाले माही जीभ नाही उचलली."

मला वाटलं, आता सेवालाल ओरडेल. त्याचा हक्क होता. तो किल्लीकडे बघत म्हणाला, "मले ठाव होतं."

"काय ठाव होतं?"

"गरम होतं थे. तू हात काढला, मंग म्या बी लावून पाह्यला. तुह्याच संगतीनं शिकलो ना. बोलनार होतो. पन घरात तू थो कप धरून बसला होता, तवा तुह्या तोंडाकडं पाह्यलं होतं म्या. इतक्या वर्सात तुले तसं कधी पाह्यलं नवतं. म्हटलं, आज याच्या तोंडून 'नाही' नको. गरम तं गरम, पाहून घेऊ पुढं."

देवमन खाली बसला. तिथंच, तेलानं माखलेल्या मातीत. सेवालाल त्याच्याजवळ बसला, आणि मी सायकलच्या दुकानातला माणूस तोंड फिरवून उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं. दोस्ती असावी तर अशी, असं काहीतरी माझ्या मनात येत होतं.

चंदाबाई जीपच्या मागच्या बाजूला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली आणि आम्हा तिघांकडे बघून, आवाज न चढवता म्हणाली, "तुमाले दोघाले ठाव होतं. पोरगी गेली शाळेतून. मास्तर म्हनते आता घेत नाही. मले तं कोनी इचारलं असतं."

ती जीपमध्ये चढून पुढच्या सीटवर बसली, हातातलं गाठोडं मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चालू कर. आंधी शाळेवर ने मले."