कोकमच्या पाठीवरची गाठ

काशीराम घाडींनी विक्रोळीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं खुर्च्यांच्या गाद्या भरल्या. मूठ दाबली तर खड्डा पडता कामा नये, हा तिथला नियम. कारखाना बंद पडला तसे ते मुलुंडला, डोंगराखालच्या घोडेस्वारीच्या शाळेत तबेला सांभाळायला लागले. त्याला सात वर्षं झाली. खरारा करावा तर त्यांनीच. तांबड्या घोडीचं कोकम हे नावही त्यांनीच ठेवलेलं.

त्या कोकमला न्यायला शुक्रवारी टेम्पो यायचा होता. यापुढे जुहूच्या चौपाटीवर पोरं फिरवायची. पंधरा दिवसांत तिनं शाळेत शिकणाऱ्या गंधालीला दोनदा पाडलं होतं. आडवा बांबू ओलांडला, की पाठीची कमान करून मागचे पाय हवेत झाडायची.

"माजलीय," शाळेचे मालक विद्याधर म्हणाले.

"मुद्दाम करते यार," गंधाली कोपर चोळत म्हणाली. चौदा वर्षांची पोर.

"तुझ्याशी काय वैर आहे गं तिचं?" काशीराम म्हणाले. "साहेब, मला तीन दिवस बघू द्या."

"बघा काका. पण मी जुहूला शब्द दिलाय."

मंगळवारी त्यांनी खोगीर न घालता, लांब दोरीवर तिला बांबूवरून काढलं. वीस उड्या. एकदाही पाय झाडला नाही. बुधवारी नुसतं खोगीर घातलं. शेपटी फटकारली, कान मागे गेले, पण उसळली नाही. गुरुवारी गंधालीला विनवून वर बसवलं आणि स्वतः बांबूशेजारी उकिडवे बसले. घोडीनं उडी साफ घेतली. पुढचे पाय जमिनीला टेकले, पोरीचं वजन पुढे आलं, आणि तेव्हा उसळली. गंधाली आयाळ धरून कशीबशी राहिली.

काशीरामनी खोगीर उतरवलं. पाठीवरून बोट फिरवत आणलं. खांद्याच्या हाडामागे पोचलं तशी कातडी थरथरली, घोडीनं पाठ खाली घेतली.

"हंय दुखता काय गो?"

खोगीर उलटं करून त्यांनी खालची गादी दाबली. नेमकी त्याच जागी दगडासारखी गाठ. गेल्या महिन्यात गादी उसवली तेव्हा दोन दुपारी बसून त्यांनीच ती भरली होती. लोकर ठासून ठासून. मुठीनं खड्डा पडणार नाही अशी.

ते तसेच विद्याधरांकडे गेले. "घोडीत खोट नाही. गादी मी भरली. चूक माझी."

विद्याधर म्हणाले, "तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. पण गंधालीच्या आईनं घोडीचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलंय. बाकीच्या पालकांपर्यंतही गेलंय. आता तिच्यावर कोण बसवेल पोरं?"

"मी चूक केली, तर मला काढा."

"तुम्हाला काढून काय होणार, काका?"

संध्याकाळी त्यांनी गादीला आपणच घातलेले टाके उसवले. लोकर पिंजली, बोटभर दबेल एवढीच परत भरली. अंधार पडायच्या आत शिवून झालं.

सकाळी टेम्पो आला. कोकम मुकाट चढली. काशीरामनी खोगीर पुढे केलं. "हेच घाल तिला. आता नीट भरलंय."

"राहू द्या काका," ड्रायव्हर म्हणाला. "आमच्याकडे आहेत खोगिरं. आणि तिथं वाळूत कोण उडी मारतंय?"

टेम्पोची फळी वर गेली. काशीराम खोगीर हातात घेऊन फाटकाशी उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी ते खुंटीला अडकवलं आणि रिकाम्या जागेतलं शेण काढायला घेतलं.