भुताचं तात्पर्य

एक रीळ उतरवून दुसरं चढवेपर्यंत हॉलचे दिवे लागत, आणि दिवे लागले की इनामदारअण्णा उभे राहत. धारवाडात टीव्ही यायच्या आधीची गोष्ट. सुभाष रोडच्या मागच्या एका हॉलात महिन्यातून एका रविवारी दुपारी आमचं फिल्म मंडळ भरायचं. अण्णा शाळेत मराठी शिकवत. मी तिथंच विज्ञान शिकवायचो, म्हणून प्रोजेक्टर माझ्या गळ्यात. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे भयपटातही मध्ये तीनदा उजेड व्हायचा. तेवढ्यात अण्णा मला 'तम्मा', म्हणजे धाकट्या भावा, अशी हाक मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं त्याचं तात्पर्य सांगून मोकळे.

"भुताला सुद्धा कारण लागतंय रे तम्मा. सुम्ने, उगीच, कोण कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. ह्या बाईला लोभ नडला बघा!"

तोंडात धरलेले पदर सुटायचे, लोक शेंगा सोलायला लागायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. दहा वर्षं मी एकच मागत होतो: एकदा तरी माणसांना शेवटपर्यंत घाबरू द्या. भीतीला विषय कशाला हवा? अंधारात मांजर अंगावर आलं तर आपण त्याला हेतू विचारतो का?

एकदा मी मुद्दाम तिसरं रीळ दुसऱ्याच्या आधी लावलं. विहिरीत पडून मेलेला जहागीरदार पुढच्या रिळात मजेत जेवायला बसला. म्हटलं, आता जिरली अण्णांची. अण्णा शांतपणे उठले. "वासना, तम्मा. जीव गेला तरी ताटावरची वासना जात नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे त्यांच्या पोटात गाठ निघाली. हुबळीच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मी कुणाचं काय वाईट केलं नाही. मग हे सुम्ने कसं आलं? ह्याला विषय काय, सांग की."

विषय नसतो अण्णा, हेच तर मी दहा वर्षं ओरडत होतो. ते मेलं तोंडातून निघेना. प्रारब्ध, परीक्षा, असलं काहीबाही बरळत राहिलो. थांबताच येईना.

अण्णांनी मनगट सोडलं. "तूही घाबरलास की रे," म्हणाले.

आठवड्याभरात ते गेले. दिवे लागले की ते का बोलत सुटायचे, हे मला त्या खाटेपाशी कळलं. आता भांडण मिटवायला माणूसच नाही, याचा राग अजून जात नाही.