पुढच्या भिंतीचं प्लास्टर

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या शेतात माझ्या मुलानं घर बांधलं ते शेततळं खोदताना निघालेल्या मातीचं. मातीत त्यानं उसाचं पाचट मळलं. लोक पाचट पेटवून देतात, आम्ही त्यात राहतो. मधे लिंबाचं झाड आलं, तर झाड तोडायचं सोडून त्यानं घरच वाकडं घेतलं. मे महिन्यातही पंखा लागत नाही. मी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला हे नीट समजावून सांगायचे. आलेला माणूस ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "बरं, बांधकाम पुरं कधी होणार?"

मुलासाठी आलेली तीन स्थळं हाच प्रश्न विचारून परत गेली. शेती करणाऱ्या मुलाला आधीच कोणी मुलगी देत नाही, त्यात हा तेहतीस वर्षांचा आणि राहतो मातीत. त्याला कसली काळजी नव्हती. ती सगळी माझ्या वाट्याला आली होती.

चौथं स्थळ रविवारी यायचं होतं. शुक्रवारी मुलगा म्हैस आणायला घोडेगावच्या बाजाराला गेला आणि मी गवंडी बोलावला. त्यानं पुढच्या भिंतीला जाळी ठोकून सिमेंटचं प्लास्टर केलं. संध्याकाळी मुलगा म्हैस घेऊन आला. त्यानं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हशीला वैरण टाकायला गेला. मी त्याला पटलं असं धरून चालले.

रविवारी मुलगी आणि तिचे वडील आले. मी खुर्च्या पुढच्याच अंगाला मांडल्या होत्या. वडिलांनी भिंतीवर बोटांनी ठोकून बघितलं.

"बांधकाम भक्कम हाय, बाई."

"हो ना," मी म्हटलं.

खाणं झाल्यावर मुलीला हात धुवायचे होते. दोघं दोन शब्द बोलतील म्हणून मीच मुलाला मागचा नळ दाखवायला पाठवलं. माझी हुशारी ती एवढी. परत आल्यावर तिनं सरळ विचारलं, "मागची भिंत मातीची हाय, लई गार लागती. मग पुढं सिमेंट कशाला?"

मी तीस वर्षं पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. या प्रश्नावर मी चहाचे कप पुढे केले. शेवटी मुलगाच म्हणाला, "घर सगळं मातीचंच हाय. पुढचं वरवरचं हाय." माझं नाव त्यानं घेतलं नाही.

तिच्या वडिलांनी कप खाली ठेवला.

"बाई, माती हाय म्हनून सांगितलं असतं, तरी आमी आलो असतो. माझा जन्म मातीच्याच घरातला. पन तुमी झाकलं. अजून काय काय झाकलंय, ते आमी कुनाला इचारायचं?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना ते "कळवतो" म्हणाले. कळवतो म्हणजे काय, ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

सोमवारी सकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन प्लास्टर फोडायला बसले. मुलगा थोडा वेळ गोठ्यातून बघत होता. मग दुसरा हातोडा घेऊन आला.

"हळू, आई. आतली माती निघंल."

प्लास्टर भराभर सुटत होतं. ते भिंतीला धरलंच नव्हतं.

"मुलगी चांगली होती," मी म्हटलं.

"व्हय," तो म्हणाला. "नळावरनं येताना तिनं भिंतीला हात लावून बघितला. आजवर आलेल्यांत कुनी लावला नव्हता."

मी हातोडा खाली ठेवला. तो फोडत राहिला.