नाव गेणबाचं, भांडी आबासाहेबांची

राजलक्ष्मी,

हे वाचलंस की तू लगेच फोन करशील आणि म्हणशील, ‘मावशी, एवढं कशाला लिवलं?’ म्हणून आधीच सांगते, फोन करू नकोस. तीन वर्षं माझ्या ओट्यावर बसून, शेंगा फोडत, तू जे तुकड्यातुकड्यानं सांगितलंस ते मी नुसतं सलग लावते आहे. आणि तुला समोर बसवून लिहायला गेले तर तू दर वाक्याला ‘तसं न्हवतं हो’ म्हणून अडवशील. त्यामुळं इथून पुढं तू फक्त ‘ती’. ऐक गुपचूप.

राजलक्ष्मी भिसे लग्न होऊन कळसला आली तेव्हा घरात माणसांपेक्षा भांडी जास्त होती. सासरे गेणबा भिसे यांचा मंडपाचा धंदा. कापड, बांबू, भोंगे आणि पाचशे पानांच्या पंगतीची भांडी. त्या प्रत्येक भांड्यावर, डाळीच्या मोठ्या पातेल्यापासून वाढायच्या पळीपर्यंत, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असे : गेणबा भिसे, कळस. यात हौस नव्हती, गरज होती. आपल्याकडं मोठ्या लग्नाला एकाची भांडी पुरत नाहीत. दोन-तीन ठिकाणांहून आणतात, पंगती उठल्या की सगळी एका ढिगात पडतात, आणि दुसऱ्या दिवशी भावकीतली चार पोरं नावं वाचून ढीग निवडतात. ज्याचं नाव त्याच्या दारात. एवढाच कायदा. तो मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

गेणबा गेले आणि धंदा मुलाकडं, इंद्रजितकडं आला. त्यानं तो नेटानं वाढवला. मग ती दोन वर्षं आली, पन्नास माणसांत लग्नं उरकायची. मंडप कुणाला लागेना, पातेली कुणाला लागेनात. गोडाऊनमध्ये कापडाला उंदीर लागले. वळवाच्या वाऱ्यानं पत्रे उडाले, उरलंसुरलं भिजलं. शेवटी इंद्रजितनं झाडून सगळी भांडी लासुर्ण्याच्या आबासाहेबांना विकली. आबासाहेबही मंडपवालेच, गेणबांच्या हाताखाली गाठी मारायला शिकलेले. टेम्पो भरून गेला त्या दिवशी इंद्रजित घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला, आणि उठलाच नाही.

म्हणजे उठायचा, अंघोळीला, दोन घासांना. बाकी भिंत. गावात याला ‘मनाला लावून घेतलं’ म्हणतात. मी आजार म्हणते, आणि राजलक्ष्मीनंही वेळेवर तेच म्हटलं, हे तिचं शहाणपण. सासूबाई साखरबाई लिंबू उतरवायच्या मागं लागल्या होत्या. तिनं लिंबाचं सरबत केलं आणि नवऱ्याला बारामतीला डॉक्टरकडं नेलं. गोळ्यांनी त्याला झोप आली, भूक लागली. अंथरूण मात्र सुटेना.

घर चालायला हवं होतं. बारामतीला कपड्यांच्या कारखान्यात बायका घेत होते, कंपनीची बस गावात यायची. ती शिलाईला लागली. दोन वर्षं तिनं शर्टाचे खिसे शिवले. कॉलर नाही, बाही नाही, फक्त खिसे.

“दुनियेचं खिसं शिवतीस,” साखरबाई म्हणायच्या, “एक आपल्या नवऱ्याच्या तोंडाला शीव. दोन वर्सं उघडंना, शिवल्यालं तरी दिसंल.”

“आत्या, तुमच्या तोंडाला शिवलं तर मशीन तुटंल,” ती म्हणायची आणि डबा भरून बस गाठायची.

तिला पगाराची चिंता नव्हती असं नाही, पण खरी चिंता एकच. हा माणूस परत माणसांत येतो का नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती तेवढाच हिशेब करायची, आज भाकरी दीड खाल्ली, काल एक. आज प्रतिक्षाला ‘अभ्यास झाला का’ विचारलं, काल नाही. प्रतिक्षा म्हणजे लेक, तेव्हा अकरावीला.

आणि एका रविवारी दारात टेम्पो उभा राहिला.

“वहिनी, भांडी उतरून घ्या!” ड्रायव्हर माऊली खाली उडी मारून म्हणाला. मागं चार पातेली, झाकणं, एक पोतं भरून पळ्या आणि झारे.

“कुणाची भांडी? आमची कवाच इकली.”

“ते मला म्हाईत न्हाय. नाव वाचा की. गेणबा भिसे, कळस. तुमीच भिसे न्हवं?”

“भिसेच. पन भांडी लासुर्ण्याच्या आबांची हायत.”

“आबांची आसती तर आबांचं नाव आसतं. मला आजून दोन घरं करायचीत, वहिनी, वाद घालू नका.” पातेली अंगणात दणादण उतरली आणि टेम्पो गेला.

झालं होतं ते असं. जुनी भांडी घेणारा माणूस आधीच्या नावावर छिन्नीनं आडवी रेघ मारतो आणि खाली आपलं नाव घालतो. आबासाहेबांनी ते केलंच नव्हतं. इतके दिवस लग्नं त्यांच्याच पंचक्रोशीतली होती, तिथल्या पोरांना ठाऊक होतं. हे लग्न लांबचं निघालं. पोरांनी नाव वाचलं आणि कायद्यानं कळस गाठलं.

त्या पातेल्यांचा आवाज ऐकून इंद्रजितनं डोक्यावरून चादर घेतली. राजलक्ष्मीला ते दिसलं. तिनं आबासाहेबांना फोन लावला आणि तासाभरात भांडी हलवायला लावली. त्या दिवशी इंद्रजित जेवला नाही. ती चुलीपुढं बसून मनात म्हणाली, झालं, वर्षाची कमाई गेली. कमाई म्हणजे त्या दीड-दीड भाकऱ्या.

तीन आठवड्यांनी तेच. टेम्पो दुसरा, पातेली तीच. या वेळी ती कामावर होती आणि घरात साखरबाई. त्यांनी ‘येऊ द्या, आमच्या मालकाचंच नाव हाय’ म्हणून सगळी उतरवून घेतली. संध्याकाळी ती बसमधून उतरून आली तर अंगणात मोठं पातेलं तसंच पडलेलं, बुडाला भात करपून काळा चिकटलेला, वर माश्या.

“ठिवलंय तसंच,” साखरबाई म्हणाल्या. “मी काय घासनार न्हाय. ज्याचं त्यानं घासावं.”

“आबा उद्या नेतील. ऱ्हाऊ द्या.”

तीही थकली होती. मुद्दाम ठेवलं असं पुढं लोक म्हणू लागले, पण खोटं. अंगात बळ नव्हतं म्हणून ठेवलं.

सकाळी चहा टाकताना तिला बाहेर खरखर ऐकू आली. वाटलं, कुत्रं पातेलं चाटतंय. हाकलायला म्हणून ती फुंकणी घेऊन बाहेर गेली. अंगणात इंद्रजित उकिडवा बसलेला. हातात नारळाची शेंडी, शेजारी राखेचं टोपलं, आणि अर्ध्या धडानं तो पातेल्यात वाकलेला.

ती हलली नाही. फुंकणी हातात तशीच.

पातेल्यातून आवाज आला, “भात लावताना बुडाला तेल लावत न्हाईत. कोन आचारी हाय त्यांचा?”

“मला काय म्हाईत,” ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला फार जोर लावावा लागला.

“आणि हे झाकान ह्या पातेल्याचं न्हाय. ह्याला मधी पोचा हाय. बाबांच्या हातनं पडलं होतं, नरसिंहपूरच्या लग्नात.” मग थोड्या वेळानं, “चा झाला का?”

ती आत गेली. चहा उतू गेला होता. तिनं दुसरा टाकला, आणि तो होईपर्यंत ओट्याला टेकून, तोंडात पदर धरून, मनसोक्त रडली. बस चुकली. खाडा पडला. तिला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

यावरून कुणी म्हणेल, पातेलं घासलं आणि माणूस बरा झाला. असलं काही नसतं. गोळ्या चालूच राहिल्या. पुढच्या आठवड्यात चार दिवस तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून होता. पण आता घरात एक गोष्ट झाली. तो आठवड्यातून दोनदा विचारू लागला, “टेम्पो आला का?”

तिसऱ्यांदा भांडी आली तेव्हा राजलक्ष्मीनं सुट्टी टाकली. पळ्यांचं पोतं स्कुटीच्या पुढ्यात घातलं आणि तडक लासुर्ण्याला आबासाहेबांच्या दारात. आबासाहेब सत्तरीचे, बाजेवर बसून सुपारी कातरत होते. तिनं पोतं त्यांच्या पायाशी टाकलं.

“आबा, ही काय चेष्टा लावलीय? इकत घेतली ना भांडी? मग नाव का खोडत न्हाई?”

“बस, सूनबाई. पानी पी.”

“पानी नगं. आमच्या घरात माणूस आजारी हाय, आन तुमची पातेली येऊन दारात थटत्यात.”

आबासाहेबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, “दोनदा छिन्नी हातात घेतली बग. गेणतात्यानं मला पहिली गाठ शिकवली. त्येच्या नावावर मी रेघ मारायची? हात धजंना.”

“आन?”

“आन काय?”

“आबा, खरं बोला.”

“आन कोरनारा प्रत्येक भांड्याला धा रुपये मागतो,” आबासाहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. “साडेतीनशे नग हायत. तू सांग.”

तीही हसली. मग पाणी प्यायली. मग आबासाहेबांनी मनातलं बोलून दाखवलं. मुलगा अविराज पुण्याला नोकरीत, त्याला यात रस नाही. स्वतःच्या गुडघ्यांनी शिडी सोडलेली. कळसच्या बाजूची लग्नं झेपत नाहीत. “भांडी तशीबी तुमच्याच दारात येत्यात. तर ऱ्हाऊ द्या तितंच. कळसकडची कामं इंद्रजितनं करायची, भाडं निम्मं निम्मं. कापड माझं. जमंल तसं पैसं फेडून भांडी परत घ्या.”

“त्यांना इचारते,” ती म्हणाली.

“इचारू नगंस. नुसतं सांग.”

तिनं तसंच केलं. जेवताना सांगितलं आणि ताटाकडं बघत राहिली. इंद्रजितनं भाकरी संपवली, हात धुतला आणि म्हणाला, “पत्रं घालावं लागतील.” गोडाऊनवर. दोन वर्षांत पहिल्यांदा तो उद्याचं काहीतरी बोलला होता. साखरबाईंनी तोंड उघडलं, तिनं डोळे वटारले, त्यांनी मिटलं. हेही त्या घरात पहिल्यांदाच.

पहिलं काम गावातलंच मिळालं, रेश्मा नावाच्या पोरीच्या हळदीचं. छोटं, दोनशे पानांचं. राजलक्ष्मीनं नोकरी सोडली नव्हती. तेवढा शहाणपणा तिच्यात आहे. दोन दिवस रजा घेऊन ती टेम्पोबरोबर गेली. इंद्रजितनं मंडप घातला, पण खाली मान घालून. कुणी ‘काय इंद्रजितराव, किती दिवसांनी!’ म्हटलं की नुसतं ‘व्हय’. मारलेली गाठ सोडून पुन्हा मारत होता. ती लांबून बघत होती. एखादा खवचट काही बोलला, की हा पुन्हा भिंतीकडं जाणार, ही धास्ती तिला दोन्ही दिवस होती. हळदीचं जेवण ती जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांड्यांची मोजणी. ढिगातून पोरं एकेक नाव वाचत होती, इंद्रजित वहीवर खुणा करत होता, आणि ती पाण्याच्या टाकीपाशी पिंप घासत होती. एवढ्यात मंडपातून असा आवाज आला की ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

“झारा कुठाय? मोठा झारा! लांब दांड्याचा! तो घेतल्याबिगर टेम्पो हलनार न्हाय, सांगून ठिवतो! बाबांचा झारा हाय तो!”

पोरं पळाली. नवरीचा चुलता पळाला. बायकांनी घरातल्या उतरंडी उपसल्या. इंद्रजित मधोमध उभा राहून, वही नाचवत, सगळ्या भावकीला फैलावर घेत होता. मान वर. गळ्याच्या शिरा ताठ. झारा शेवटी गोठ्यात सापडला, कुणीतरी त्यानं म्हशीचं आंबोण ढवळलं होतं. त्यावर तर त्यानं आणखी पाच मिनिटं घेतली.

“वहिनी, जरा आवरा की त्यांना,” रेश्माचा चुलता टाकीपाशी येऊन म्हणाला. “पावनी बघत्यात.”

“वरडू द्या,” राजलक्ष्मी म्हणाली. ती पिंपाच्या काठाला धरून खाली बसली होती, हात साबणात, आणि हसत होती. “वरडू द्या हो, भाऊजी. झाऱ्याचं भाडं घेत न्हाई तुमच्याकडनं, पन त्यांना वरडू द्या.”

मग तिनं हात पुसले आणि उरलेली बुंदी मागून घेतली. दोन दिवसांची भूक होती. परातीतून खाल्ली.

यंदाच्या हंगामात त्यांनी बावीस कामं केली. नोकरी तिनं दिवाळीनंतर सोडली. भांडी निम्म्याहून जास्त फेडली. नाव बदलायचा खर्च मात्र कुणालाच आला नाही, यावर आबासाहेब अजून खूश आहेत. इंद्रजित डॉक्टरकडं तीन महिन्यांतून एकदा जातो, एकटा. साखरबाईंची तक्रार आता वेगळी आहे. तो घरात थांबत नाही म्हणतात.

आता, राजलक्ष्मी, राहिलं एक. तू कारखान्यात जायला लागलीस तेव्हा माझं पितळी पातेलं पिशवीत घालून नेलं होतंस, ‘मावशी, बारामतीतनं कल्हई करून आणते’ म्हणून. कंपनीची बस बाजारात थांबायची नाही, सुट्टीच्या दिवशी तुझ्यानं उठवायचं नाही, म्हणून मी विचारलं नाही. आता बारामतीला जातेस ते टेम्पोनं, फुलं आणि कापड आणायला, सदा घाईत. पातेल्यावर नाव नाही, तेव्हा तुमच्या मोजणीतही ते येत नाही. परवा पत्रे बघायला गोडाऊनमध्ये डोकावले तेव्हा मला ते दिसलं. इंद्रजितनं त्यात सुतळीचे गुंडे भरून ठेवलेत. कल्हई राहिलीच.