ऑब्री म्हणतो, हळू!

आमच्या कालव्याला पहारेकरी नेमायची गरज नाही. ऑब्री पिंचबेक आहे. काठाला बांधलेल्या आपल्या बोटीच्या खिडकीशी हा माणूस सकाळपासून चहाचा मग घेऊन बसतो, आणि लांबून इंजिनाची टुकटुक ऐकू आली की मान बाहेर काढून ओरडतो, "हळू!" येणारी बोट बदकाच्या मागे पडलेली असली तरी ह्याचं "हळू!" ठरलेलं. बांधलेल्या बोटी लाटांनी हलू नयेत म्हणून त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करावा, आणि कुणी "हळू!" म्हटलंच तर हात वर करून पुढे जावं, हा आमच्याकडचा रिवाज आहे, कबूल. पण रिवाज पाळणं वेगळं आणि त्याचा धंदा करणं वेगळं. मी शेजारच्याच बोटीवर राहते, म्हणून माझे कान किटले आहेत.

बोटीचं नाव 'भटकी राणी'. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा! निवृत्त झाल्यावर ऑब्रीने बायकोला, हेस्टरला, सांगितलं होतं की घर विकू, बोट घेऊ आणि कालव्याकालव्यांनी अख्खं इंग्लंड पालथं घालू. घर विकलं, बोट घेतली, आणि गेली नऊ वर्षं राणी एकाच खुंट्याला बांधलेली आहे. वसंतात म्हणे बदकांची पिल्लं लहान असतात, उन्हाळ्यात भाड्याच्या बोटींची गर्दी असते, पानगळीत पानं इंजिनाच्या पंख्यात अडकतात, आणि हिवाळ्यात, अहो, हिवाळ्यात कोण जातं? खरं कारण सगळ्या काठाला ठाऊक होतं. आपण हललो तर दुसरं कुणीतरी आपल्यावर ओरडेल, ही त्याला धास्ती.

हेस्टर बिचारी त्या बोळकांडीत राहिली. तिथे दोन माणसं समोरासमोर आली की एकाला पलंगावर चढावं लागतं. संडासाची टाकी भरली की ढकलगाडीवर घालून रिकामी करायला आमच्याकडच्या पुलापर्यंत न्यायची, तीही हिनेच, कारण ऑब्री पहारा कसा सोडणार? शेवटी मे महिन्यात एका सकाळी तिने आपली बॅग भरली आणि बोटीच्या दारात आणून ठेवली.

"ऑब्री, आज मला आयव्हीकडे ने. बोटीनं."

आयव्ही तिची बहीण. तीन लॉक, म्हणजे बोट वरच्या पाण्यात चढवायचे दरवाजेबंद हौद, ओलांडून वर गेलं की निदरकोट लागतं, तिथे कालव्याकाठीच तिचं घर.

"आज वारा आहे गं," ऑब्री म्हणाला.

"असू दे. चार वाजता आयव्ही चहा ओतते. त्याच्या आत पोचवलंस, तर ही बॅग परत रिकामी करीन आणि पुन्हा ब्र काढणार नाही. नाही पोचवलंस, तर मी तिच्या मागच्या खोलीत राहायला जाते, कायमची. तिच्याकडे टब आहे. मरायच्या आधी एकदा पाय पसरून आंघोळ करायचीय रे मला."

ऑब्रीचा चेहरा खर्रकन उतरला. त्याचा जीव आहे तिच्यावर, हे मी शपथेवर सांगेन. मुकाट्याने त्याने टोपी घातली, दोर सोडले, आणि लॉकचे दरवाजे ढकलायला मला बरोबर घेतलं. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चक्क चालू झालं. हेस्टरने टाळ्या वाजवल्या हो, लहान पोरीसारख्या.

पहिल्या लॉकपाशी एक भाड्याची बोट उभी. तिच्यावर नवखं जोडपं, सुट्टीला आलेलं, दोराशी झटापट करत होतं. मी मनात म्हटलं, झालं! ऑब्रीने सुकाणू सोडून काठावर उडी मारली.

"ही गाठ आहे का? ही गाठ आहे? कुत्रं तरी बांधाल का हिनं?"

"आमच्या आधी तुम्ही जा ना काका," तो पोरगा काकुळतीला आला.

"तसं नाही चालत. आधी नीट शिका."

हेस्टरने त्याला दोनदा हाक मारली. मी तर म्हटलं, "अरे, बायको चालली तुझी, आणि तू गाठी कसल्या शिकवतोस?" पण शिकवायचं म्हटलं की ह्याला तहानभूक नाही. ते जोडपं गाठ शिकून, लॉक ओलांडून गेलं, मग आम्ही आत शिरलो. तोवर माझं सँडविच खाऊन झालं होतं.

पुढच्या दोन लॉकना मी आणि हेस्टर मरमर करत दरवाजे ढकलले. हेस्टर घामाघूम झाली होती, पण हसत होती. "पोचतोय गं आपण," ती मला म्हणाली, आणि मलाही खरंच तसं वाटायला लागलं. शेवटचं वळण घेतलं तर निदरकोटच्या चर्चचं टोक दिसलं. त्याच्या पलीकडे आयव्हीचं घर, धुराडं सुद्धा दिसत होतं. चारला थोडाच वेळ होता, पण हातात होता.

आणि मधे, पबपासून थेट पुलापर्यंत, पलीकडच्या काठाला बांधलेल्या बोटींची रांग. सगळ्या ओळखीच्या, म्हणजे ऑब्रीकडून कधी ना कधी शिव्या खाल्लेल्या. पहिल्याच बोटीचा पडदा हलला. मिसेस थ्रॉसल चहाचा मग घेऊन बाहेर आल्या, कधीची वाट बघत असल्यासारख्या.

"कोण, ऑब्री? अगंबाई! हळू हो, हळू! माझा चहा सांडेल!"

पुढच्या छतावरून एक म्हातारबा उठला. "हळू रे पहारेकऱ्या!" मग तिसरा, मग चौथी. आख्खा काठ आपली उधारी वसूल करून घेत होता, आणि खोटं कशाला बोलू, मला आधी हसूच आलं.

"ऑब्री," हेस्टर म्हणाली, "जरा वाढव."

त्याचा हात वेगाच्या दांड्यावर होता.

"वाढव रे मेल्या!" मी ओरडले. "एकदा! ओरडतील आणि गप्प बसतील!"

"लोक काय म्हणतील?" ऑब्री पुटपुटला. आणि त्याने दांडा पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढला. बोट जवळजवळ थांबलीच.

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही, तेच मला सहन झालं नाही. मग तिने बॅग उचलली. असल्या वेगात बोट थांबवायचीही गरज नव्हती. तिने नुसता पाय आमच्या बाजूच्या काठावर टाकला आणि पायवाटेने चालायला लागली. आधी आमच्या बरोबरीने, मग बोटीच्या नाकापाशी, मग त्याच्याही पुढे. म्हातारं गुडघेदुखीचं माणूस, हातात बॅग, आणि आम्हाला मागे टाकून चाललं होतं.

मिसेस थ्रॉसलनी चहाचा मग खाली ठेवला. चर्चच्या घड्याळात चारचे टोले पडायला लागले. ऑब्रीने टोपी काढली आणि जिवाच्या आकांताने ओरडला,

"हेस्टर! हेस्टर, अगं हळू!"

तिने मागे न बघता हात वर केला, रिवाजाप्रमाणे, आणि पुलाखालून पलीकडे गेली.