मंगळवारचं घर

राजधानीजवळच्या आमच्या बुंदांग उपनगरात मुलं असलेल्या बाईला कुणी नावाने हाक मारत नाही. मोक यॉन्सुकला सगळे हारिमची आई म्हणत, मीही तेच म्हणायचे. इमारतींच्या आवारात, तळमजल्यावर माझं तयार भाज्यांचं दुकान आहे. नवीन राहायला आली त्या आठवड्यात ती दुकानात शिरली आणि शेजारच्या फळवाल्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ताई, एका नासपतीला एवढे पैसे?"

"नासपतीला नाहीत ते, बुंदांगला आहेत," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. जेचॉन नावाच्या लहान गावातून आलेली ती. पोरगी हुशार, म्हणून चांगल्या शाळेसाठी इथे आले. नवरा, नाम सांगिल, यंत्रांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कचेरीत होता. माहेरचं, सासरचं आणि बँकेचं असं सगळं मिळून महिन्याच्या भाड्याऐवजी घरमालकाकडे भलंमोठं डिपॉझिट ठेवलं, तेव्हा कुठे जुन्या इमारतीत तीन खोल्या मिळाल्या.

पण घर मिळणं ही नुसती सुरुवात असते. हारिमला गणिताचा क्लास लागला, मग इंग्रजीचा. त्या इंग्रजीच्या क्लासला प्रवेश मिळावा म्हणून आधी आणखी एक क्लास. थंडीत वर्गातल्या सगळ्या मुली एकाच प्रकारचा लांब कोट घालून यायला लागल्या, तो घ्यावा लागला. क्लासमधल्या मुलांच्या आयांचा एक गट होता. त्या कॅफेत जमायच्या आणि पाळीपाळीने बिल द्यायच्या. कुठला मास्तर चांगला, कुठे जागा रिकामी झाली, या बातम्या तिथेच कळत, त्यामुळे न जाऊन चालत नसे. यॉन्सुक आपली पाळी आली की आठवडाभर माझ्याकडून फक्त मोडाची भाजी न्यायची. मी मुठीने जास्त घालायचे. ती बघायची, बोलायची नाही.

मग एका शरद ऋतूत सांगिलची नोकरी गेली. माणसं कमी केली, त्यात हा गेला. तरी तो रोज सकाळी टाय बांधून निघायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा. हारिमला कळू द्यायचं नाही असं नवराबायकोने ठरवलं होतं. त्यातच घरमालकाचा फोन आला, की वसंतात करार संपतोय, डिपॉझिट वाढवा नाहीतर दुसरं घर बघा.

यॉन्सुकने मग फोनमधल्या अ‍ॅपवरून घरकामाची कामं घ्यायला सुरुवात केली. फोनवर पत्ता येतो, दाराच्या कुलपाचा आकडा येतो, जायचं, साफसफाई करायची, निघायचं. बहुतेक वेळा मालकीण दिसतही नाही. कामं ती मुद्दाम लांबची घ्यायची, सुवॉनची, योंगिनची. टोपी, तोंडावर मास्क. कॅफेतल्या बायकांना सांगितलं होतं की मातीकामाचा क्लास लावलाय.

"मग एखादी वाटी तरी दाखवा की!" त्या म्हणायच्या.

"अजून वाकड्याच होतात हो," ती म्हणायची. मला हे तिने स्वतः सांगितलं, दुकानात माझ्यासोबत मोड निवडताना, आणि सांगताना तिला हसू येत नव्हतं.

एका मंगळवारी सुवॉनचं काम ऐनवेळी रद्द झालं आणि बदली काम आलं ते पांग्योचं. म्हणजे आमच्या अगदी शेजारचं, आमच्याहून महाग. तिला नको होतं. पण बदली काम नाकारलं की अ‍ॅपवर आपल्या नावापुढचे तारे कमी होतात, आणि तारे कमी झाले की कामं. ती गेली.

घर मोठं होतं, आत कुणी नव्हतं. स्वयंपाकघर पुसताना फ्रिजवरचा फोटो तिला दिसला. गणिताच्या क्लासच्या सहलीचा. मधोमध युजू नावाची मुलगी, आणि तिच्या गळ्यात हात टाकून उभी हारिम.

म्हणजे हे युजूचं घर. कॅफेच्या गटात जी बाई सगळ्यांत कमी बोलायची आणि जिचं सगळ्या ऐकायच्या, त्या युजूच्या आईचं. इथे बायका एकमेकींच्या घरी जात नाहीत, म्हणून पत्ता वाचून तिला काही उमगलं नव्हतं.

अर्धवट टाकून पळावं तर तक्रार जाईल. तिने मनाशी म्हटलं, मुली क्लासला आहेत, आई बाहेर आहे, न्हाणीघर राहिलंय, ते उरकलं की सुटले. फरशीवर गुडघे टेकून ती घासायला लागली. बाहेरची चाहूल लागावी म्हणून पाणीसुद्धा बारीक सोडलं होतं.

बाहेर दाराच्या कुलपाची बटणं वाजली. टिक टिक टिक टिक.

"मास्तर आजारी पडले म्हणून क्लास सुटला, काय मज्जा!" हा युजूचा आवाज. आणि पाठोपाठ एक हसणं. ते हसणं तिने ओळखलं. स्वतःच्या पोटच्या पोरीचं हसणं कोण ओळखणार नाही?

न्हाणीघराचं दार उघडं होतं. लपायला जागा नव्हती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि तसंच घासत राहिली.

"अगं, मावशी आल्यात कामाला," युजू म्हणाली. "नमस्कार, मावशी!"

यॉन्सुकला पाठीवर नजर जाणवत होती. पायातले मोजे हारिमचेच जुने होते, टाचेला रफू केलेले. आता ती 'आई' म्हणेल, आता म्हणेल, असं वाटत राहिलं, आणि तिने म्हणू नये म्हणून ती मनातल्या मनात हात जोडत होती.

"नमस्कार, मावशी," हारिम म्हणाली.

अगदी नीट, वाकून. परक्या बाईला करतात तसा.

यॉन्सुक उठली आणि मास्कमधूनच तिलाही वाकून नमस्कार केला.

"मावशी, आम्हाला नासपती कापून द्याल?" युजूने विचारलं. मुलगी वाईट नव्हती, तिला तशी सवय होती. यॉन्सुकने हात धुतले, नासपती सोलल्या, बशी नेऊन मुलींच्या पुढ्यात ठेवली. हारिम पुस्तकात बघत होती. "थँक्यू," ती पुस्तकालाच म्हणाली. एक फोडही तिने खाल्ली नाही.

घरी आल्यावर यॉन्सुक स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहिली. भात लावायचंही सुचेना. हारिम आली, दप्तर ठेवलं, समोर येऊन बसली.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"बाबांची नोकरी गेलीय ना?"

"कोण म्हणालं तुला?"

"मी बघितलं त्यांना वाचनालयात. ते झोपले होते खुर्चीत. मी दुसऱ्या दाराने निघून आले." ती टेबलाची कड नखाने खरवडायला लागली. "तुम्ही कधी सांगताय याची वाट बघत होते."

यॉन्सुकने तेच विचारलं जे तिला दुपारपासून टोचत होतं. "मला ओळख का नाही दिलीस गं?"

"तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, तुला नकोय." मग म्हणाली, "आणि खरं सांगू? मलाही नको होतं."

दोघी रडल्या, पण एकमेकींच्या गळ्यात पडून वगैरे नाही. एक ओट्याशी, एक टेबलाशी.

पुढच्या आठवड्यात फोनवर पुन्हा तेच घर आलं. काम आवडलं, याच मावशींना पाठवा, असं मालकिणीने कळवलं होतं. सांगिल म्हणाला, "नको जाऊस, मी हमालीला जातो." पण ती म्हणाली, "मी नाही गेले तर हारिमला दर वेळी त्या घरात जीव मुठीत धरून बसावं लागेल. एकदा काय ते होऊन जाऊ दे."

ती टोपी आणि मास्क न लावता गेली. या वेळी दार आतून उघडलं गेलं.

"अगंबाई, हारिमची आई! आज आपलं भेटायचं ठरलं होतं का?"

"नाही. मी कामाला आलेय. मागच्या मंगळवारी आले होते ती मीच."

युजूची आई दाराला धरून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला. "अहो, सांगायचंत ना! मी दुसरं कुणी बोलावलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"तुम्ही राहू द्या आज. पैसे मी देतेच."

"काम न करता कसे घेऊ? झाडू कुठे ठेवलाय ते माहीत आहे मला." ती आत शिरली.

युजूच्या आईला स्वतःच्याच घरात कुठे बसावं कळेना. गाडीची किल्ली घेऊन ती खाली गेली आणि काम होईपर्यंत गाडीत बसून राहिली. यॉन्सुकने खिडकी पुसताना वरून पाहिलं, गाडी बंदच होती.

संध्याकाळी फोनवर पाचच्या पाच तारे आले. पुन्हा त्या घरून बोलावणं मात्र कधी आलं नाही. कॅफेच्या गटातून तिला कुणी काढलं नाही, फक्त तिने लिहिलेल्याला उत्तर येईनासं झालं. मुलींचं वेगळंच. युजूने हारिमला सरळ विचारलं, "ती तुझी आई होती?" हारिम हो म्हणाली. तर ती म्हणते, "वेडी, मग सांगायचंस ना! मीच कापली असती नासपती."

वसंतात डिपॉझिट परत घेऊन ते टेकडीपलीकडच्या जुन्या, स्वस्त सोंगनामात गेले. सांगिल आता मासळीचा टेम्पो चालवतो. यॉन्सुक अजून घरकाम करते, बहुतेक आमच्याच बुंदांगात, बसने येऊन. पहिले काही महिने हारिम तिच्याशी धड बोलत नव्हती. शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, याचा राग होता, आणि तो खोटा नव्हता.

मी मागे तिच्याकडे गेले होते. चढाची गल्ली, जिना अरुंद, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. तिने जमिनीवर टेबल मांडलं, गरम सूप वाढलं. आतून हारिम ओरडली, "आई, माझं निळं जॅकेट कुठाय?"

"डोळे उघडून बघ की जरा!" यॉन्सुक ओरडली. मग माझ्या वाटीत आणखी सूप वाढलं.

मी विचारलं, "परत यावंसं वाटतं का गं कधी?"

"रोज वाटतं, ताई," ती म्हणाली, आणि जॅकेट शोधायला उठून गेली.